उपकारस्तुती : रिकाम्या हातांनीही करता येते



पीक घरात आले की अनेक ख्रिस्ती कुटुंबे त्यातला पहिला वाटा चर्चमध्ये नेतात. कोणी पायलीभर धान, कोणी भोपळा, कोणी अंडी. ही उपकारस्तुती. देवाशी सौदा नव्हे, मिळाले त्याचे आभार.

पण धान बुडाले त्या वर्षी गटातल्या बाया आम्हाला विचारतात, "रिकाम्या हाताने कशी जाऊ?" कोणी त्यासाठी गटातून कर्जही मागते. आम्ही सांगतो, अर्पणासाठी कर्ज नको. बायबलमध्येच पौल करिंथकरांना लिहितो, की दान जवळ असेल त्या मानाने मोजायचे, नसेल त्या मानाने नाही. ते मनापासून असावे, जबरीने नको. गरीब विधवेने दोन टोल्या टाकल्या, तर येशूने तिचे दान श्रीमंतांच्या दानापेक्षा मोठे मानले.

हातात काहीच नसेल तर गळा आहे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपल्याच मातीतले अभंग, भजन, कीर्तन उपासनेत आणले. भजनात धृपद पुन्हा पुन्हा येते, म्हणून अक्षरओळख नसलेली बाईही दुसऱ्या खेपेला सूर धरते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लग्नानंतर लिहायला शिकल्या, आणि पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पूर्ण केले.

तेव्हा ताई, यंदा टोपली रिकामी असली तरी घरी बसू नका. टाळ घ्या आणि पुढच्या रांगेत बसा.