१६८ गाठींचा तारा

परळीहून माजलगावकडे जाताना सिरसाळा लागतं, तिथली मी. भोवताली काळी जमीन, कापूस, तूर. नाताळचं झाड आमच्याकडे कुणाच्या दारात नसतं. तरीही डिसेंबर लागला की माझ्या मांडीवर त्या झाडाला टांगायचे तारे असतात. पांढऱ्या सुती दोऱ्याचे, टोकांना काचमणी लावलेले, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे. हे काम टॅटिंगचं.

टॅटिंग हा शब्द आजच्या मुलींना नवा वाटेल, पण त्यांच्या आज्यांना विचारून पाहा. रुमालाची कड, परकराची झालर, रुखवतात मांडलेला टेबलक्लॉथ, यांवर ती गोल गोल नाजूक लेस असायची. माझी आई शिवणाच्या बाईंकडून शिकली आणि मी आईकडून. आईचं शटल अजून माझ्याकडे आहे. विणकराचा धोटा असतो ना, त्याचंच हे लहान भावंड, बोटाएवढं. मधे दोरा गुंडाळायचा. क्रोशाला आकड्याची सुई लागते, टॅटिंगला हे शटल आणि दहा बोटं.

ताऱ्याचं खूळ मात्र आमच्याकडच्या एका नर्सबाईंमुळे लागलं. त्या मूळच्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, मराठी ख्रिस्ती घरातल्या. तिकडे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं, त्यामुळे नाताळ हा त्यांच्या घरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा सण. माझ्या रुमालाची कड पाहून त्या म्हणाल्या, “काकू, याचा तारा होईल का हो? आईच्या झाडाला लावीन म्हणते.” मी म्हटलं, “सिस्टर, करून बघू.” आणि फसले. का फसले ते पुढे सांगते, आधी गाठ समजून घेऊ.

रेडिओवरून हात दाखवता येत नाहीत, म्हणून ओळखीची गोष्ट घेते. ताईत गळ्यात घालायचा असतो तेव्हा आपण दोरा दुमडून त्याचा फास कडीत घालतो आणि दोन्ही टोकं त्या फासातून ओढून घेतो. टॅटिंगची गाठ तीच. अशा गाठी एका दोऱ्यावर शेजारी शेजारी बसवत जायच्या, एवढंच हे शास्त्र. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचं वेटोळं ताणून धरायचं. शटल त्या दोऱ्याखालून न्यायचं आणि वरून परत आणायचं, ही अर्धी गाठ. मग वरून न्यायचं आणि खालून परत आणायचं, की गाठ पुरी.

खरी मेख इथे आहे. शटल फिरतं तेव्हा शटलचा दोरा हातावरच्या दोऱ्याला वेढा घालतो. तो वेढा तसाच आवळला तर गाठ जागच्या जागी अडकते आणि लेस संपली. म्हणून त्या क्षणी डाव्या हाताची बोटं सैल सोडायची आणि शटलचा दोरा ताठ ओढायचा. टुणकन वेढा पलटतो. आता शटलचा दोरा सरळ, आणि हातावरच्या दोऱ्याने त्याला वेढा घातलेला. मग गाठी आतल्या सरळ दोऱ्यावर मण्यांसारख्या सरकतात आणि शेवटी शटल ओढलं की सगळ्या मिळून गोल कडं होतं. हा पलटा जमेपर्यंत मला बारा दिवस लागले होते. आई शिकवताना काही बोलायची नाही, नुसती माझ्या डाव्या हातावर टपली मारायची. घट्ट धरलेला हात सोडणं हेच तर शिकायचं असतं.

दोन गाठींमध्ये थोडी मोकळी जागा सोडून त्या जवळ सरकवल्या की दोऱ्याचा एक इवलासा फुगा राहतो. त्याला पिको म्हणतात. साडीला आपण पिको-फॉल करून घेतो ना, तो शब्द इथलाच, फ्रेंचमधून आलेला. पिकोने शोभा येते, शिवाय एक कडं दुसऱ्याला जोडायला त्याचाच उपयोग होतो.

आता तारा. आधी मधलं कडं: चोवीस गाठी, दर चार गाठींनंतर एक पिको, असे सहा पिको. कडं बंद करून दोरा तोडायचा. मग भोवतीची फेरी. तिला दोन दोरे लागतात, एक शटलचा आणि एक गुंडीचा. शटलच्या दोऱ्याने चार गाठी घालायच्या, बारीक क्रोशाच्या सुईने मधल्या कड्याच्या पिकोत जोडायचं, आणखी चार गाठी घालून छोटं कडं बंद करायचं. काम उलटवायचं. आता गुंडीचा दोरा डाव्या हातावर घेऊन आठ गाठी, मग तीन मणी जवळ सरकवायचे, पुन्हा आठ गाठी. ही झाली कमान. परत उलटवायचं आणि पुढचं छोटं कडं. असं सहा वेळा. हिशेब केला तर चोवीस, अठ्ठेचाळीस आणि शहाण्णव मिळून १६८ गाठी होतात, आणि मणी अठरा.

ते अठरा मणी काम सुरू करायच्या आधीच गुंडीच्या दोऱ्यात ओवून ठेवावे लागतात, मधे घालता येत नाहीत. दोऱ्याचं टोक नेलपॉलिशने कडक केलं तर सुईसुद्धा लागत नाही. मी फसले ती इथे. सगळे मणी मी शटलच्या दोऱ्यात ओवले. कमानीत शटलचा दोरा आत सरळ राहतो हे हातांना ठाऊक होतं, डोक्यात आलं नव्हतं! मणी कमानीच्या पोटात गाठींच्या रांगेत जाऊन बसले, टोकावर येईनात. कमानीत गाठ ज्या दोऱ्याची बनते त्या दोऱ्यावर मणी हवेत. टॅटिंग उसवणं महाकठीण, म्हणून तो पहिला तारा मी तसाच ठेवून दिला.

हा उद्योग युरोपातला. आयर्लंडमध्ये मोठा दुष्काळ पडला, तेव्हा १८४७ साली अर्डी गावात बायकांना चार पैसे मिळावेत म्हणून टॅटिंग शिकवायला सुरुवात झाली. आमच्या भागाला दुष्काळ नवा नाही, म्हणून ही हकीकत वाचल्यावर मला वाटलं, आपल्या बचत गटातल्या बायकांना का शिकवू नये? सातजणी शिकल्याही. मग एका व्यापाऱ्याने भाव सांगितला: नगाला पंधरा रुपये, दोरा-मणी आमचे. माझ्यासारख्या सरावलेल्या बाईला एका ताऱ्याला सव्वा तास लागतो. म्हणजे तासाला बारा रुपये, त्यातून सामान वजा. कापूस वेचायला गेलेली बाई दिवसाकाठी याहून पुष्कळ जास्त आणते. तो म्हणाला, “बायका रिकाम्या वेळात करतील की.” आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा लेसवर मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९८२ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात हेच आहे: लेस परदेशी जाते, आणि करणारी मात्र ‘घरी बसलेली बाई’ म्हणून मोजली जाते. आम्ही त्या व्यापाऱ्याला नाही म्हटलं. सातांपैकी दोघी अजून करतात, ओळखीत, नगाला ऐंशी रुपयांनी. वर्षाला फार जात नाहीत, हे मान्य. पण कुणी विचारलं तर मी आधी घड्याळ लावून एक तारा करायला सांगते, भावाचं नंतर.

तारा झाला की तो मऊ असतो, लोंबतो. त्याला खळ द्यायची. सुती साडीला देतो तीच साबुदाण्याची खळ, थोडी दाट. पाटावर प्लॅस्टिकचा कागद घालायचा, ओला तारा त्यावर पसरून सहा कमानी टाचण्यांनी ताणायच्या आणि सावलीत वाळू द्यायचं. टाचण्या गंजक्या नकोत, डाग जात नाही. वर्षभर ठेवायचा तर घट्ट डब्यात ठेवा, खळीला झुरळं लागतात.

सिस्टरांची बदली झाली, पण त्यांच्या आईच्या झाडावर दरवर्षी आमचे तारे असतात. गेल्या नाताळात त्यांनी फोटो पाठवला. सगळ्यांत वर, पोटात मणी गेलेला तो पहिला तारा होता. मागे एकदा त्यांनी तो माझ्या डब्यातून हट्टाने मागून नेला होता.