क्लाउडमधील दिंडीदरवाजा आणि माजघर
सार्वजनिक आणि खासगी 'सबनेट'ची आखणी यंत्राकडे सोपवण्यामागचे गणित

जुन्या वाड्यांच्या रचनेत एक व्यवहारी शहाणपण होते. दिंडीदरवाजातून आत आलेला परका माणूस फार तर ओसरीपर्यंत येई. माजघर, देवघर आणि धान्याचे कोठार त्याच्या दृष्टीसही पडत नसे. आज बँका, विमा कंपन्या, रुग्णालये आणि सरकारी खाती आपली माहिती 'क्लाउड'मध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या आणि भाड्याने घेतलेल्या संगणकांवर ठेवू लागली आहेत. या अदृश्य वाड्यातही ओसरी आणि माजघर वेगळे ठेवावे लागते. फरक इतकाच, की येथील भिंती विटांच्या नसून आकड्यांच्या असतात आणि एक ओळ चुकली तरी कोठाराचे दार थेट रस्त्यावर उघडते.

असे दार उघडे राहिल्यास काय होते, हे जानेवारी २०१७ मध्ये जगाने पाहिले. 'मोंगोडीबी' या लोकप्रिय प्रणालीवरील हजारो माहितीसाठे इंटरनेटवरून कोणालाही गाठता येतील अशा स्थितीत, तेही परवलीच्या शब्दाविना, ठेवण्यात आले होते. हल्लेखोरांनी ते शोधून काढले, आतील नोंदी पुसल्या आणि त्या परत मिळवण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागणारा संदेश मागे ठेवला. त्यासाठी त्यांना कोणतेही कुलूप तोडावे लागले नाही. दारच उघडे होते.

सबनेट म्हणजे काय?

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला एक आकडी पत्ता लागतो. आयपी पत्त्यांच्या चौथ्या आवृत्तीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. जगाच्या गरजेला ते अपुरे पडतात. म्हणून काही पत्ते केवळ अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १९९६ मध्ये 'आरएफसी १९१८' या दस्तऐवजाने त्याचे नियम घालून दिले. घरोघरच्या वाय-फाय यंत्रात दिसणारा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता याच राखीव गटातला. असे पत्ते इंटरनेटवर थेट पोहोचत नाहीत.

अॅमेझॉन वेब सर्व्हिसेस या कंपनीने ऑगस्ट २००९ मध्ये 'व्हर्च्युअल प्रायव्हेट क्लाउड', संक्षेपाने 'व्हीपीसी', ही सोय आणली. ग्राहकाने राखीव पत्त्यांचा एक मोठा भूखंड घ्यायचा आणि त्याचे छोटे तुकडे पाडायचे, अशी ही रचना आहे. या तुकड्यांनाच 'सबनेट' म्हणतात. समजा भूखंड १०.०.०.०/१६ असा आहे. तिरप्या रेषेपुढचा १६ हा आकडा पत्त्याचा किती भाग कायम राहणार ते सांगतो. या भूखंडात ६५,५३६ पत्ते मावतात. /२४ आकाराच्या तुकड्यात २५६ पत्ते असतात, पण त्यातील ५ कंपनी स्वतःसाठी राखून ठेवते. म्हणजे हाती येतात २५१.

ओसरी कोणती, माजघर कोणते?

एखादे सबनेट 'सार्वजनिक' की 'खासगी', हे त्याच्या नावावर ठरत नाही. ते ठरते मार्गदर्शक तक्त्यावर, म्हणजे 'राउट टेबल'वर. ज्या सबनेटच्या तक्त्यात बाहेरच्या जगाकडे जाणारी वाट थेट 'इंटरनेट गेटवे'कडे दाखवलेली असते, ते सार्वजनिक. ज्याच्या तक्त्यात अशी वाट नसते, ते खासगी. ग्राहकाच्या विनंत्या स्वीकारणारी, त्यांची वाटणी करणारी यंत्रणा सार्वजनिक भागात ठेवतात. प्रत्यक्ष हिशेब करणारे सर्व्हर आणि माहितीसाठे खासगी भागात राहतात.

मात्र माजघरातील माणसांनाही बाजारहाट चुकत नाही. खासगी सर्व्हरला सुरक्षाविषयक सुधारणा उतरवून घेण्यासाठी बाहेर जावे लागते. त्यासाठी सार्वजनिक सबनेटमध्ये 'नॅट गेटवे' बसवतात. आतून निघालेली विनंती त्यातून बाहेर जाते आणि तिचे उत्तर परत येते. बाहेरून कोणी आपणहून हाक मारली, तर ती आत पोहोचत नाही.

खरी गफलत एका साध्या तरतुदीत दडलेली असते. एखादे सबनेट कोणत्याही तक्त्याशी जोडायचे राहून गेले, तर ते आपोआप व्हीपीसीच्या 'मुख्य' तक्त्याला जोडले जाते. कोणीतरी सोयीसाठी त्या मुख्य तक्त्यातच इंटरनेट गेटवेची वाट लिहून ठेवली असेल, तर 'खासगी' असे नाव दिलेले नवे सबनेट प्रत्यक्षात सार्वजनिक ठरते. पडद्यावर कोणताही इशारा येत नाही. नवशिक्यांसाठी तयार मिळणाऱ्या 'डिफॉल्ट व्हीपीसी'त तर सर्वच सबनेट सार्वजनिक असतात.

हाताने का नको?

मुंबईतील अॅमेझॉनचे केंद्र जून २०१६ मध्ये सुरू झाले. तेथे आज तीन 'उपलब्धता विभाग' आहेत. वीज आणि जोडणी स्वतंत्र असलेली ही केंद्रे असल्याने एक बंद पडले, तरी इतर दोन चालू राहावीत अशी योजना असते. अॅमेझॉनच्या व्यवस्थेत एक सबनेट एकाच विभागात राहू शकते. त्यामुळे तीन विभागांसाठी तीन सार्वजनिक आणि तीन खासगी, म्हणजे किमान सहा सबनेट लागतात. त्यांच्यासोबत तक्ते, गेटवे आणि जोडण्या आल्या. चाचणी, पूर्वतयारी आणि प्रत्यक्ष वापर अशा तीन स्वतंत्र व्यवस्था उभारायच्या, तर अठरा सबनेट झाली. पडद्यावर टिचक्या मारत हे काम करणारा माणूस कितीही दक्ष असला, तरी सतराव्या वेळी एखादी जोडणी विसरण्याची शक्यता राहतेच. ती चूक लक्षात येते सहसा फार उशिरा.

यावरील उपाय म्हणजे हव्या त्या रचनेचे वर्णन मजकुराच्या स्वरूपात लिहायचे आणि उभारणी यंत्राकडे सोपवायची. अॅमेझॉनचे 'क्लाउडफॉर्मेशन' २०११ मध्ये आले. हॅशिकॉर्प कंपनीचे 'टेराफॉर्म' २०१४ मध्ये आले आणि अनेक कंपन्यांच्या क्लाउडवर चालत असल्याने ते विशेष रुळले. २०२३ मध्ये त्याच्या परवान्याच्या अटी बदलल्यावर 'ओपनटोफू' हा मुक्त पर्यायही उभा राहिला.

यात अभियंता तीनच गोष्टी सांगतो : भूखंड कोणता, विभाग किती आणि प्रत्येक तुकडा केवढा. तुकड्यांचे पत्ते काढण्याचे गणित आज्ञावली करते. उदाहरणार्थ, सार्वजनिक भागासाठी १०.०.०.०/२४, १०.०.१.०/२४ आणि १०.०.२.०/२४, तर खासगी भागासाठी १०.०.१६.०/२०, १०.०.३२.०/२० आणि १०.०.४८.०/२०. ओसरी लहान आणि माजघर ऐसपैस, हे येथे हेतुपूर्वक आहे. /२०च्या तुकड्यात ४,०९६ पत्ते असतात. सर्व्हरची बहुसंख्या आतच राहणार असल्याने वाढीला जागा तेथेच हवी. तुकडे एकमेकांवर चढत नाहीत, याची खात्री गणितच देते. ही खात्री महत्त्वाची आहे, कारण एकदा तयार केलेल्या सबनेटची पत्त्यांची मर्यादा नंतर बदलता येत नाही. ते मोडून नव्याने उभारावे लागते.

त्याच वर्णनात प्रत्येक सबनेट कोणत्या तक्त्याला जोडायचे, हे स्पष्ट लिहिलेले असते. मुख्य तक्त्याच्या भरवशावर काहीच सोडले जात नाही. उभारणीपूर्वी टेराफॉर्म काय तयार होणार, काय बदलणार आणि काय पुसले जाणार याची यादी दाखवते. ती दुसऱ्या अभियंत्याने वाचून मान्य केल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा दंडक अनेक ठिकाणी पाळला जातो. माहितीसाठ्याच्या सबनेटमधून इंटरनेट गेटवेकडे वाट जात असेल तर काम थांबवावे, अशी तपासणीही यंत्राकडूनच करवून घेता येते.

यंत्रही चुकते, तेव्हा

स्वयंचलन म्हणजे जादूची कांडी नव्हे. माणसाची चूक एका जागी होते. वर्णनातील चूक ते वर्णन वापरणाऱ्या प्रत्येक ठिकाणी उमटते.

एक नेहमीचा खड्डा क्रमांकाचा. सबनेटची ओळख यादीतील स्थानावरून ठरवली आणि पुढे यादीतला पहिला विभाग वगळला, तर दुसरा पहिल्याच्या जागी सरकतो. यंत्राला वाटते, सारेच बदलले. मग ते चालू सबनेट मोडून नव्याने बांधण्याचा प्रस्ताव ठेवते. आत सर्व्हर चालू असल्यास मोडणे अडते आणि काम अर्धवट लटकते. म्हणून जाणकार अभियंते स्थानाऐवजी नावाने ओळख ठरवतात.

दुसरा खड्डा घाईचा. मध्यरात्री काही बंद पडले, की कोणीतरी पडद्यावरून हाताने बदल करतो आणि वर्णनात तो नोंदवायचा राहतो. कागद एक सांगतो, वास्तव दुसरे. पुढच्या वेळी यंत्र ती दुरुस्ती पुसून टाकू शकते.

तिसरा प्रश्न पैशाचा. नॅट गेटवेचे भाडे ताशी लागते, शिवाय त्यातून जाणाऱ्या माहितीच्या प्रमाणातही आकारणी होते. बचतीसाठी तीन विभागांत मिळून एकच गेटवे ठेवला आणि नेमका तोच विभाग बंद पडला, तर उरलेल्या दोन विभागांतील खासगी सर्व्हरचीही बाहेरची वाट बंद होते. चाचणीसाठी ही काटकसर चालते. बँकेच्या व्यवहारांसाठी नाही. सार्वजनिक पत्तेही आता फुकट नाहीत. १ फेब्रुवारी २०२४ पासून अॅमेझॉन चौथ्या आवृत्तीच्या अशा प्रत्येक पत्त्यासाठी ताशी ०.००५ डॉलर, म्हणजे वर्षाला सुमारे ४४ डॉलर आकारते. त्यामुळे गरज नसलेला सर्व्हर ओसरीत ठेवणे सुरक्षेला आणि खिशालाही न परवडणारे ठरले आहे.

भिंत पुरेशी नाही

खासगी सबनेट आहे म्हणून निश्चिंत राहणेही धोक्याचे. अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेतील घुसखोरी जुलै २०१९ मध्ये उघड झाली. अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती त्यात बाहेर गेली. सदोष रीतीने बसवलेल्या एका सुरक्षा यंत्रणेतून हल्लेखोराने अंतर्गत परवाने मिळवले आणि त्यांच्या आधारे माहिती उचलली. ऑगस्ट २०२० मध्ये बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला. भिंत उभी होती. पण दारावरच्या पहारेकऱ्याकडे नको तितक्या खोल्यांच्या किल्ल्या होत्या. सबनेटची आखणी हा संरक्षणाचा पहिला थर आहे. कोणत्या सर्व्हरने कोणाशी बोलावे आणि कोणाला काय वाचता यावे, याचे नियम त्यावर चढवावेच लागतात.

भारतातील संस्थांसाठी हा विषय आता केवळ तांत्रिक राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पैशांच्या देवाणघेवाणीची माहिती देशातच साठवण्याचा आदेश दिला. सायबर घटनेची खबर सहा तासांत द्यावी, असे 'सर्ट-इन'ने एप्रिल २०२२ मध्ये बजावले. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. उद्या एखाद्या संस्थेला 'ही वाट कोणी, कधी आणि का उघडली', असे विचारले गेले, तर तोंडी आठवणींवर भागणार नाही. लिहून ठेवलेले वर्णन आणि त्यातील प्रत्येक बदलाची नोंद हाच तेव्हा पुरावा ठरेल.

सामान्य ग्राहकाला यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो मोबाइलवरचा एक पडदा. त्यावर तो आपला आधार क्रमांक, आजारपणाचा अहवाल किंवा खात्याचा तपशील विश्वासाने भरतो. ती माहिती ओसरीत पडून राहणार की माजघरात पोहोचणार, हे मात्र कोणीतरी लिहिलेल्या आणि दुसऱ्या कोणीतरी तपासलेल्या, किंवा न तपासलेल्या, चार ओळी ठरवतात.