जुनी मोटार आणि न दिसणारा खर्च

लाखाहून अधिक किलोमीटर धावलेली मोटार गॅरेजात गेली आणि वीस-पंचवीस हजारांचे बिल हाती पडले, की मध्यमवर्गीय घरात एकच चर्चा सुरू होते : गाडी ठेवावी की काढून टाकावी? प्रश्न हिशेबाचा असतो. उत्तर मात्र बहुधा वैतागाच्या भरात दिले जाते. दुरुस्तीचे पैसे रोख मोजावे लागतात, म्हणून ते सलतात. घसारा मागायला दारात कोणी येत नाही.

प्राप्तिकराच्या हिशेबात मोटारीचा घसारा सामान्यतः शिल्लक किमतीवर दरसाल १५ टक्के धरतात. तेच प्रमाण घरगुती गाडीस लावले, तर ८ लाखांच्या नव्या मोटारीची किंमत पहिल्या वर्षी १ लाख २० हजारांनी उतरते. दहाव्या वर्षी ही घट सुमारे २८ हजारांची असते. नवी गाडी कर्जाने घेतली, तर व्याज निराळेच. तेव्हा जुन्या गाडीवर वर्षाकाठी चाळीस हजार खर्च झाले, एवढ्यावरून ती महाग ठरत नाही. गेल्या वर्षी गिअरबॉक्सवर घातलेले पैसेही या विचारात आणू नयेत. ते गेले ते गेले. पुढे काय लागणार, एवढाच प्रश्न उरतो.

मात्र देखभाल आणि दुरुस्ती यांत भेद केला पाहिजे. देखभाल टाळली, की तीच पुढे दुरुस्ती होऊन परत येते. अनेक इंजिनांत रबरी टायमिंग बेल्ट असतो. तो ठरलेल्या किलोमीटरनंतर बदलावा लागतो. काही हजार वाचविण्यासाठी तो तसाच चालविला आणि तुटला, तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. ब्रेक आणि टायर यांतील काटकसर तर त्याहून वाईट. तिची किंमत रस्त्यावरचा पादचारी मोजतो.

जुन्या गाडीला कायद्याचीही मर्यादा आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणीनंतर ती ५ वर्षांसाठी वाढविता येते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेण्यात आले. मुंबईतील प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तीही टॅक्सीसाठी ठरविलेल्या २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे.

सांगाडाच गंजला असेल किंवा सुटे भाग मिळेनासे झाले असतील, तर मोह सोडणेच शहाणपणाचे. एरवी वर्षभराचा खर्च वहीत मांडावा, दरमहा ठराविक रक्कम बाजूला काढावी आणि मगच निर्णय घ्यावा. एका बिलाच्या धास्तीने भविष्यनिर्वाह निधीला हात लावून नवी गाडी आणणाऱ्या पगारदाराचा खर्च टळत नाही. तो केवळ हप्त्यांच्या रूपाने पाच-सात वर्षे घरात मुक्काम करतो.