गिरडचा गोल दगड: नारळ की झिओलाइट?

फरीदबाबांची थट्टा करणं दोन फिरत्या व्यापाऱ्यांना भलतंच महागात पडलं. बाबांनी नारळांसकट त्यांच्या सगळ्या मालाचे दगड करून टाकले! दोघांनी गयावया केली, तेव्हा वाळक्या पानांपासून नवा माल करून दिला. मग काय, ते कायमचे बाबांच्या सेवेतच राहिले.

वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवरची ही गोष्ट ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्येही आहे. आणि हे दगड झिओलाइटच्या गाठी असल्याचंही त्यातच लिहिलंय.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. त्यात वायूचे बुडबुडे अडकले, लाव्हा थिजला आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यातून झिरपणाऱ्या गरम पाण्यातून स्फटिक जमत गेले. तापवल्यावर हा दगड उकळल्यासारखा फसफसतो, म्हणून स्वीडनच्या क्रोनस्टेटने १७५६ मध्ये त्याला ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचं ग्रीक नाव दिलं.

आता पांढरा दगड दिसला की ओळखायचं कसं? माझ्या सॅकमध्ये तीनच गोष्टी असतात : दहापट मोठं दाखवणारं भिंग, चाकू आणि काचेचा तुकडा. काचेवर ओरखडा उठला, तर बहुधा ती साधी गारगोटी. चाकूने सहज ओरखडलं आणि सौम्य ॲसिडचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले, तर कॅल्साइट. दोन्ही नाही? मग भिंग काढा. गव्हाच्या पेंढीसारखा मधे आवळलेला, मोत्यासारखा चमकणारा गुच्छ म्हणजे स्टिल्बाइट. एका बिंदूतून फुटणाऱ्या बारीक सुया दिसल्या, तर स्कोलेसाइट असू शकतो.

हे प्रयोग ओढ्याकाठच्या किंवा रस्त्यालगतच्या दगडांवर करा. टेकडीवर हातोडी अजिबात नको. कुणाच्या श्रद्धेचा तुकडा खिशात घालून आणण्यात कसलं आलंय विज्ञान? तिथे आधीच फुटलेला एखादा दगड शोधून बघायचा, फोटो काढायचा, बस्स.

सोबतच्या मित्राचा ठरलेला प्रश्न : ‘दुर्मिळ आहे का रे? किती मिळतील?’ स्टिल्बाइट आपल्याकडे भरपूर. दुर्मिळ म्हणजे पुण्याजवळच्या वाघोलीचा कॅव्हान्साइट. शाईसारखा निळा! जगाला तो अमेरिकेतल्या ओरेगॉनमुळे १९७३ मध्ये माहीत झाला, पण सर्वांत देखणे नमुने वाघोलीच्या खाणींनी दिले. गंमत म्हणजे पेंटागोनाइट हा त्याचा भाऊ रंगाने आणि रासायनिक घटकांनीही अगदी तसाच, फक्त आतली रचना वेगळी. तिथे भिंग हात टेकतं. पक्कं उत्तर प्रयोगशाळेत एक्स-रेनेच मिळतं.

म्हणून नमुना उचललात, तर गाव, ओढा, तारीख लगेच चिठ्ठीवर लिहा. ठिकाण माहीत नसलेल्या नमुन्याला अभ्यासकही विचारत नाही आणि संग्राहकही. जाण्याआधी डोळा तयार करायचाय? नाशिकजवळ सिन्नरचं गारगोटी म्युझियम एकदा बघाच.