भुरीच्या फेरीतलं मालवण

सकाळी मालवणच्या बाजारात दुकानं उघडतात तेव्हा दोन तऱ्हेचे आवाज येतात. शटर एका झटक्यात वर जातं, खडखडतं आणि संपतं. फळ्यांच्या दुकानाला मात्र वेळ लागतो. चौकटीच्या खालच्या-वरच्या खोबणीत उभ्या बसवलेल्या फळ्या एकेक करून सरकवायच्या, बाहेर काढायच्या आणि भिंतीला टेकवून ठेवायच्या. प्रत्येक फळीवर आकडा असतो. वर्षानुवर्षांच्या पावसानं प्रत्येक फळी आपापल्या परीनं फुगलेली, वाकलेली असते आणि ती फक्त तिच्याच जागी बसते. कुणी हे आकडे पटाशीनं कोरलेत, कुणी डांबरानं रंगवलेत. गेली काही वर्षं मी त्यांचे फोटो काढतो आहे.

ते मला दिसले भुरीमुळे. भुरी ही आमची गावठी कुत्री. रोज सकाळी आम्ही भरडावरून बाजारपेठेत उतरतो, तिथून बंदरावर आणि मग वाळूतून दांडीच्या बाजूला. भुरी प्रत्येक दुकानाच्या पायरीशी थांबते आणि तिचं हुंगून होईपर्यंत मलाही थांबावं लागतं. पन्नास वर्षं ज्या रस्त्यानं मी सामान आणायला जात होतो, त्या रस्त्यावर मी पहिल्यांदाच काही न घेता उभा राहू लागलो. काही घ्यायचं नसलं की दुकान वेगळं दिसतं. तराजूची साखळी, बरण्यांची झाकणं, कोकमाच्या पाटीखाली साचलेला लाल डाग, खाज्याच्या परातीवरचा पातळ कागद, जाळीवाल्याकडे दोरीत ओवलेली शिशाची वजनं. पाहिलं, मग वाटलं टिपून ठेवावं. आधी मोबाइलवर, नंतर एका लहान कॅमेऱ्यावर. डाव्या हातात पट्टा, उजव्यात कॅमेरा. त्यामुळे मोठी लेन्स कधी घेतलीच नाही.

साध्या दुकानाचा फोटो कशाला काढायचा, या प्रश्नाचं उत्तर मला युजीन आत्जे या फ्रेंच छायाचित्रकारानं दिलं. आत्जे पॅरिसमध्ये पहाटे लाकडी कॅमेरा आणि काचेच्या जड पट्ट्या घेऊन हिंडायचा. दुकानांच्या दर्शनी बाजू, पाट्या, दारं, जिने यांची चित्रं घ्यायचा आणि चित्रकारांना संदर्भासाठी विकायचा. आपण कलाकृती करतो असा त्याचा दावा नव्हता, दस्तऐवज देतो एवढंच तो म्हणे. एका कंचुकीच्या दुकानाचं १९१२चं त्याचं चित्र आज जगभर ओळखलं जातं. १९२७ साली तो गेला, त्यानंतर बेरेनिस अ‍ॅबट या अमेरिकन छायाचित्रकार स्त्रीनं त्याचा मोठा संग्रह मिळवून जपला. पुढे तिनं न्यूयॉर्कची दुकानं, रस्ते, पूल त्याच निष्ठेनं टिपले. १९३९ साली तिच्या त्या छायाचित्रांचं पुस्तक झालं. १९६८ मध्ये तिच्याकडचा आत्जेसंग्रह न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं घेतला. आत्जेनं टिपलेली कित्येक दुकानं तोवर उरली नव्हती.

आपल्याकडे कॅमेरा लवकर आला. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी होते. पण त्या काळच्या संग्रहांत माणसं दिसतात ती जातीजमातींचे नमुने म्हणून, आणि इमारती दिसतात त्या भव्य म्हणून. वाण्याचं दुकान त्यात सहसा येत नाही. अलीकडे केतकी शेठ यांनी देशभर फिरून जुन्या फोटो स्टुडिओंचीच छायाचित्रं घेतली आणि २०१८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. ज्या दुकानानं गावाचे चेहरे टिपले, त्या दुकानाचा चेहरा कुणीतरी टिपला, याचं मला फार समाधान वाटलं. तालुक्याच्या गावातल्या बाजारपेठेला मात्र असा कुणी भेटत नाही. मालवणला येणारा पाहुणा बाजारातून चालत जातो तो बोट गाठायला. फोटो सिंधुदुर्ग किल्ल्याचा निघतो. किल्ला १६६७ पासून उभा आहे आणि त्याची चित्रं असंख्य आहेत. खाजेवाल्याच्या दुकानाचं एकही नसेल.

पाट्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या संग्रहातला सगळ्यात बोलका भाग तोच आहे. पाटीवरून तिचं वय काढता येतं. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, तेव्हा ४१६६०६ लिहिलेली पाटी त्यानंतरची. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याआधी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं. फोन नंबरातले आकडे वाढत गेले, त्यामागे ०२३६५ आलं, मग दहा आकडी मोबाइल आला. २०१७ नंतरच्या पाट्यांवर जीएसटीचा लांबलचक क्रमांक दिसतो. मराठी पाट्यांचा नियम २०२२ मध्ये लहान दुकानांनाही लागू झाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन महिन्यांची मुदत दिली, त्यानंतर कितीतरी पाट्या नव्यानं झाल्या. त्या बहुतेक फ्लेक्सच्या. जुन्या पाटीच्या कोपऱ्यात पेंटर आपलं नाव लिहायचा. त्याचं ‘श्री’चं वळण, ‘ळ’ची गाठ यावरून सही न पाहताही हात ओळखू यायचा. फ्लेक्सवर हात दिसत नाही, म्हणून मला तो पाहवत नाही.

एका संध्याकाळी पश्चिमेचं ऊन थेट गल्लीत शिरलं होतं. भुरी एका बंद दुकानाशी अडली. तिरप्या उजेडात पाटीवरच्या निळ्या रंगाखालून जुनी अक्षरं वर आलेली दिसली. ऑइल पेंटचा थर जाड असतो. वरून कितीही रंग मारला तरी अक्षराची कड उठून राहते. मी वाचलं: ‘मालवण, जि. रत्नागिरी’. दुपारच्या उभ्या उन्हात ते कधीच दिसलं नसतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा गेलो, तर ढग होते. तिसऱ्या दिवशी ते चित्र मिळालं.

समुद्राचा उजेड वेगळा. आमचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी ऊन पाठीमागून, माडांवरून येतं आणि होड्यांचे रंग भरून दिसतात. संध्याकाळी सगळं उलटतं. सूर्य समोर, किल्ल्याची तटबंदी काळी, माणसांच्या फक्त आकृत्या. लोक संध्याकाळी फोटो काढतात. मला सकाळ आवडते, कारण सकाळी काम चालू असतं.

त्या कामांत रापण पाहत राहावी अशी. होडी किनाऱ्यापासून अर्धवर्तुळ घेत जाळं सोडत जाते आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवर येतात. दोन रांगा दोर ओढू लागतात. टाचा वाळूत रुतवायच्या, अंग मागे टाकायचं, पावलापावलानं मागे सरायचं. शेवटचा माणूस दोर सोडून पुढे येतो आणि पाण्याजवळ पुन्हा पकडतो. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. हे तासन् तास चालतं. शेवटच्या काही मिनिटांत जाळ्याच्या पोटात पेडवे, तारल्या, बांगडे चमकायला लागतात आणि वर घारी जमतात. मग वाटे पडतात. गाबीत समाजाच्या पिढ्या या सामायिक कामावर जगल्या. यंत्रावरच्या पर्ससीन जाळ्यांनी मासळीचे थवेच्या थवे बाहेरच उचलले, तशी रापण रिकामी येऊ लागली. २०१६ मध्ये राज्य सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी रापणकरांचं गाऱ्हाणं संपलेलं नाही. रिकाम्या रापणीचाही फोटो मी काढतो, विचारून. एकदा नको म्हणाले, तेव्हा कॅमेरा पिशवीत ठेवला आणि दोराला हात लावला.

जून आणि जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या, किल्ल्याची बोटवाहतूकही थांबलेली. पर्यटक नसतात. ढगाळ उजेडात पाट्यांवर चकाकी येत नाही, म्हणून दुकानांची माझी बरीचशी चांगली चित्रं पावसाळ्यातली आहेत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या माझ्या चित्रांत मंगळुरी कौलांच्या जागी पत्रा आलेला मोजता येतो.

कुत्र्याबरोबर हिंडल्यानं नजरेची उंचीही बदलते. एलियट अरविट या छायाचित्रकारानं हे फार पूर्वी ओळखलं होतं. न्यूयॉर्कमधलं त्याचं १९७४चं चित्र प्रसिद्ध आहे: टोपी घातलेलं चिमुकलं कुत्रं, शेजारी बाईचे बूट आणि एका प्रचंड कुत्र्याचे नुसते पाय. कॅमेरा जमिनीलगत. मी गुडघ्यावर बसून बाजार पाहिला, तेव्हा उंबरठ्यांची झीज दिसली. गिऱ्हाईक जिथे उभं राहतं तिथेच लाकूड खोल गेलेलं असतं.

किनाऱ्यावर पट्टा सोडायचा मोह होतो, तो मी टाळतो. हिवाळ्यात कुरव पक्षी लांबून येऊन वाळूवर विसावलेले असतात. कुत्रं एकदा धावलं की सगळा थवा उठतो. नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं आपल्या किनाऱ्यांवर अंडी घालतात आणि मोकळी कुत्री घरटी उकरतात. वेळासला २००२ पासून, आणि आमच्या बाजूला वायंगणीसारख्या गावांत, ती घरटी जपायला माणसं रात्री जागतात. त्यांच्या कष्टावर माझ्या कुत्रीनं पाणी ओतू नये. शिवाय जाळ्यातून फेकलेला केंड मासा वाळूवर पडलेला असतो, तो विषारी. भुरीला त्याच्याजवळ जाऊ देत नाही.

दुकानदारांशी ओळख वाढली तीही तिच्यामुळेच. एक वाणी सुरुवातीला रोज म्हणायचे, “दुकान खंय पळान जातला?” नंतर तेच विचारू लागले, “तिका पाणी व्हया काय?” मी प्रत्येकाला त्याच्या दुकानाची एक प्रत छापून देतो. ती बहुधा गल्ल्याच्या वर, देवाच्या तसबिरीशेजारी लागते.

या पावसाळ्यानंतर त्या वाण्यांनी फळ्या तासून घेतल्या. त्यात आकडे गेले. अकरा फळ्या, आणि कुठलीच कुठे बसेना. ते संध्याकाळी घरी आले, पहिल्यांदाच. मी दोन वर्षांपूर्वीचं चित्र शोधून काढलं. फळ्या भिंतीला टेकलेल्या, प्रत्येकीच्या लाकडाच्या गाठी स्पष्ट. सातवी वेगळ्या लाकडाची, नववीला खालच्या टोकाला चीर. दुसऱ्या दिवशी सुतार आला. आम्ही तिघं पायरीवर फोटो ठेवून गाठी जुळवत बसलो आणि भुरी तासलेल्या भुशात झोपली. सुतारानं नवा ‘९’ खडूनं काढला, तर वाण्यांनी तो पुसायला लावला. फोटोत त्यांच्या आजोबांच्या हातचा ‘९’ होता, जुन्या वळणाचा, शेपटी डावीकडे गेलेली. तसाच कोरून घेतला.