शब्द एक, शास्त्रे अनेक (लेखांक ६) : गुण

मराठीत 'गुण' म्हटले की मनात येतो तो चांगुलपणा आणि त्याच्या विरुद्ध टोकाला 'दोष'. परंतु हाच अर्थ बरोबर घेऊन संस्कृत शास्त्रग्रंथांकडे वळणारा वाचक लवकरच अडखळतो, कारण तेथे तम हाही गुणच असतो, द्वेष आणि अधर्म यांची गणना गुणांतच होते, आणि व्याकरणात तर 'अ', 'ए' व 'ओ' या स्वरांनाच गुण असे नाव दिलेले आढळते.

या शब्दाचा मूर्त अर्थ दोरा, दोरीचा पेड असा असून धनुष्याच्या दोरीलाही तो लावला जातो. पेड या अर्थापासून दोन वाटा फुटलेल्या दिसतात. दोन पेडांचे ते द्विगुण आणि तीन पेडांचे ते त्रिगुण, या वापरातून 'पट' हा अर्थ आला आणि गणितात त्याचा विस्तार झाला. दुसरी वाट अधिक महत्त्वाची आहे : पेड स्वतःसाठी नसतो, दोरीसाठी असतो, आणि त्यामुळे जे दुसऱ्याचे अंग आहे, दुसऱ्याच्या आश्रयाने किंवा उपयोगासाठी आहे, ते गुण ठरते. 'गौण' हा नित्याच्या वापरातला शब्द 'गुण' याच शब्दापासून साधलेला आहे, हे सहसा लक्षात येत नाही. पूर्वमीमांसेत हा अर्थ अगदी उघड आहे. अग्निहोत्र करावे असे सांगणारे वाक्य प्रधान विधी, तर ते दह्याने करावे असे सांगणारे वाक्य गुणविधी मानले जाते, आणि तेथे दही 'गुण' असते ते चवीमुळे किंवा पौष्टिकपणामुळे नव्हे, होमाचे साधन म्हणून.

सांख्यदर्शनातील सत्त्व, रज आणि तम यांचा विचार या पार्श्वभूमीवरच करावा लागतो. ईश्वरकृष्णाच्या 'सांख्यकारिके'त सत्त्व हलके व प्रकाशक, रज चालना देणारे व चंचल, तर तम जड व झाकून टाकणारे असे वर्णन आहे. त्यावरून हे तिघे प्रकृतीच्या अंगी असलेले तीन धर्म आहेत, अशी समजूत होणे स्वाभाविक असले तरी ती चुकीची आहे. प्रकृती हे एक द्रव्य आणि तिला चिकटलेले हे तीन गुण, अशी सांख्यांची मांडणी नाही. हे तिघे मिळूनच प्रकृती होते. मग घटकांनाच गुण का म्हणायचे, या प्रश्नाचे वाचस्पती मिश्रांनी दिलेले उत्तर असे की ते परार्थ आहेत, म्हणजे त्यांचे अस्तित्व दुसऱ्यासाठी, पुरुषासाठी आहे. सोळाव्या शतकातील विज्ञानभिक्षू आणखी पुढे जाऊन स्पष्ट सांगतो की सत्त्वादी तिन्ही द्रव्ये आहेत, वैशेषिकांचे गुण नव्हेत, आणि पुरुषाला बांधणारी दोरी त्यांच्यापासून वळली जाते म्हणूनही हे नाव त्यांना शोभते. स्वभावाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे वर्गीकरण करण्याची जी सवय मराठी बोलण्यात रुळली आहे, ती या मूळ विचाराची बरीच पातळ झालेली आवृत्ती होय.

विज्ञानभिक्षूला वैशेषिकांचे नाव घेऊन खुलासा करावा लागला, याचे कारण त्या दर्शनाने हाच शब्द वेगळ्या आणि अतिशय काटेकोर अर्थाने बांधून टाकला होता. कणादाच्या सूत्रात सतरा गुणांची नावे असून प्रशस्तपादाने त्यांत सातांची भर घातली, आणि पुढे अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'तून विद्यार्थ्यांच्या पाठांतरात गेली ती ही चोविसांची यादी. रूप, रस, गंध, स्पर्श यांच्या पंक्तीला तेथे संख्या, परिमाण, संयोग, गुरुत्व, सुख, दुःख, इच्छा आणि प्रयत्नही बसतात. शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण ठरतो. गुण हा नेहमी द्रव्याच्या आश्रयाने राहतो आणि त्याच्या ठिकाणी स्वतःचा वेगळा गुण नसतो, हे त्याचे लक्षण होय. जैन आचार्य उमास्वातींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'तही जवळजवळ हेच लक्षण सापडते. मात्र या नियमातून एक गमतीचा पेच उभा राहतो : गुणांच्या ठिकाणी गुण नसतो आणि संख्या हा गुण आहे, तर 'गुण चोवीस आहेत' हे विधान करायचे कसे? नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीने याच अडचणीपायी संख्येला गुणांतून बाहेर काढून स्वतंत्र पदार्थ मानण्याचे धाडस केले.

पाणिनीच्या 'अष्टाध्यायी'तील पहिले सूत्र 'वृद्धी' या संज्ञेचे, तर दुसरे 'गुण' या संज्ञेचे आहे. अ, ए आणि ओ यांना गुण म्हटले आहे. गण आणि ईश मिळून गणेश, सूर्य आणि उदय मिळून सूर्योदय, महा आणि ऋषी मिळून महर्षी हे शाळेत शिकवले जाणारे गुणसंधीचे नमुने त्या संज्ञेवरच उभे आहेत. हेच नाव का निवडले, हे पाणिनीने सांगितलेले नाही, आणि त्यात ओढूनताणून दोरी शोधण्यात अर्थ नाही. शास्त्रकार कित्येकदा चालू शब्द उचलून त्यावर हवा तो अर्थ लादतो. एकोणिसाव्या शतकात फ्रांत्स बोप आणि त्याच्या परंपरेतील युरोपीय भाषाशास्त्रज्ञांनी ग्रीक-लॅटिनसह इंडो-युरोपीय भाषांतील स्वरबदलांच्या चर्चेतही 'गुण' आणि 'वृद्धी' ही संस्कृत नावेच वापरली.

आयुर्वेदात गुणांचा रोख उपचारांकडे असतो. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त जड-हलके, थंड-उष्ण, स्निग्ध-रूक्ष अशा दहा जोड्यांत वीस गुण सांगितले असून, वाढलेल्या गुणावर त्याच्या विरुद्ध गुणाचे द्रव्य द्यावे हे चिकित्सेचे सूत्र या जोड्यांवर चालते. मराठीत औषधाचा 'गुण येतो', तेव्हा द्रव्याच्या अंगचा गुण आणि रोग्याला पडणारा उतार हे दोन्ही एकाच शब्दात मावतात. कौटिल्याच्या षाड्गुण्यातील सहा गुण ही परराष्ट्रनीतीची धोरणे आहेत आणि त्यांत संधीबरोबर विग्रह, म्हणजे युद्धही येते. काव्यशास्त्रात वामनाने शब्दाचे दहा आणि अर्थाचे दहा गुण मानले. मम्मटाने ते माधुर्य, ओज आणि प्रसाद या तिघांवर आणून ठेवले आणि ते शब्दांचे नसून रसाचे धर्म आहेत असा निर्वाळा दिला.

गणितात गुण्य, गुणक, गुणाकार, गुणोत्तर असा मोठा परिवार असला, तरी त्याहून वेगळा वापर भूतसंख्या पद्धतीत दिसतो. छंदात बसावे म्हणून या पद्धतीत अंकांऐवजी वस्तूंची नावे घेतली जात आणि सांख्यांच्या त्रयीमुळे 'गुण' म्हणजे 3 असे ठरले होते. केरळच्या माधवाच्या नावावर असलेल्या परिघाच्या प्रसिद्ध श्लोकात 9 निखर्व, म्हणजे 9,00,00,00,00,000 एवढ्या व्यासाच्या वर्तुळाचा परीघ 28,27,43,33,88,233 असा दिला आहे, आणि या संख्येतला एक 3 'गुण' या शब्दाने सांगितला आहे.

आधुनिक मराठीने परीक्षेतील मोजमापासाठीही हाच शब्द घेतला, आणि त्यातून गुणपत्रिका, गुणवत्ता यादी हे शब्द आले. विवाहासाठी पत्रिका जुळवताना मोजले जाणारे 36 गुण हे वर्णापासून नाडीपर्यंतच्या आठ कूटांना अनुक्रमे एकपासून आठपर्यंत दिलेल्या अंकांची बेरीज असतात, म्हणजे तेथेही गुण हा वधूवरांचा स्वभाव नसून गुणांकनच असते. 'छत्तीस गुण जुळले' हे ऐकून सद्‌गुणांची कल्पना करणारे अर्थातच पुष्कळ असतात.

पुढील लेखांकात 'धातू' या शब्दाचा विचार केला जाईल.