एकावर एक रचलेले कोश

धडा वाचताना एखादा अवघड शब्द आढळला म्हणजे विद्यार्थी प्रथम धड्याखालील टिपा पाहतो. तेथे अर्थ न मिळाल्यास घरातील लहान शब्दकोश उघडतो, आणि तेथेही निराशा झाली तर ग्रंथालयातील अनेक खंडांच्या बृहत्कोशाकडे वळतो. शब्द ज्या ठिकाणी प्रथम सापडेल तेथेच शोध संपतो. या तिन्ही साधनांचे मिळून एकच पुस्तक बांधावे असे कोणाच्या मनात येत नाही. संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांना मात्र हा मोह वारंवार होतो, आणि त्यापायी होणारे नुकसान पुष्कळदा उशिराच ध्यानात येते.

गिदो व्हान रोसुम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘पायथन’ या संगणकभाषेत ‘डिक्शनरी’ नावाची एक रचना आहे. तिला कोश म्हणण्यास हरकत नाही. एखादे नाव दिले असता त्याच्याशी जोडलेले मूल्य ती परत देते. हा कोश अकारविल्हे चाळला जात नाही; नावावरूनच एक संख्या काढण्यात येते व त्या संख्येवरून जागा ठरते. त्यामुळे कोशात दहा नावे असोत वा दहा लाख, शोधास लागणारा वेळ सामान्यतः जवळजवळ सारखाच राहतो.

आता एखाद्या ग्रंथालयाची पुस्तकसूची छापणारी आज्ञावली घेऊ. तिच्या कर्त्याने एका मूळ कोशात अक्षरांचा आकार १२, प्रती १ आणि भाषा हिंदी अशी योजना केली आहे. ग्रंथालयाने आपल्या स्वतंत्र कोशात भाषा मराठी असे नोंदविले. आज छपाईस बसलेल्या लेखनिकाने आपल्या कोशात प्रती ३ असे लिहिले. संगणकाने कोणाचे ऐकावे? लेखनिकाचे प्रथम, मग ग्रंथालयाचे आणि सर्वांत शेवटी कर्त्याचे, हे उघड आहे.

सर्वांत सोपी वाट म्हणजे तिन्ही कोशांतील नोंदी एका नव्या कोशात उतरवून घेणे. उत्तर तर बरोबर येते: आकार १२, भाषा मराठी, प्रती ३. परंतु प्रतींची मूळ संख्या १ होती ही गोष्ट त्या कोशातून नाहीशी झालेली असते. ३ हा आकडा कोणी घातला, हेही त्यावरून सांगता येत नाही. पुढे ग्रंथालयाने आपली भाषा बदलली, तरी उतरवून घेतलेल्या कोशास त्याचा पत्ता लागत नाही.

२०१२ साली निघालेल्या पायथनच्या ३.३ या आवृत्तीत यासाठी ‘चेनमॅप’ हे साधन आले. चेन म्हणजे साखळी. हे साधन नोंदींची नक्कल करीत नाही. कोश कोणत्या क्रमाने पाहावयाचे एवढेच ते लक्षात ठेवते. ‘भाषा’ असे विचारताच ते प्रथम लेखनिकाचा कोश पाहते, तेथे नोंद नसल्याने ग्रंथालयाच्या कोशात उतरते व ‘मराठी’ हे उत्तर घेऊन परतते. ग्रंथालयाने उद्या तेथे ‘गुजराती’ असे लिहिले, तर पुढच्या वेळी तेच उत्तर मिळेल. थर जितके अधिक तितके शोध अधिक, एवढी किंमत यासाठी मोजावी लागते. चारपाच थरांपर्यंत ती क्वचितच जाणवते.

लेखनाचा नियम मात्र वाचनाहून निराळा आहे. साखळीतून केलेली प्रत्येक नवी नोंद केवळ सर्वांत वरच्या कोशात जाते. लेखनिकाने अक्षरांचा आकार १६ केला, तरी कर्त्याच्या कोशातील १२ तसेच राहतात. प्रतींची नोंद त्याने काढून टाकली, तर खालचा १ पुन्हा दिसू लागतो. आणि वरच्या कोशात नसलेले नाव खोडावयास तो गेला, तर खाली ते असूनही संगणक त्यास चूक दाखवितो. दुसऱ्याच्या वहीत खाडाखोड करण्याची परवानगी येथे नाही, आणि ते योग्यच आहे.

या संरक्षणास एक छिद्र आहे. मूळ कोशातील मूल्य ही एखादी यादी असेल, समजा ‘विषय’ या नावाखाली इतिहास व गणित, आणि लेखनिकाने ती यादी मागवून तिच्यात ‘भूगोल’ जोडला, तर ही कोशातील नवी नोंद ठरत नाही. बदल थेट खालच्या यादीतच होतो आणि तो मूळ कोश वापरणाऱ्या इतरांसही दिसू लागतो. यादी बदलावयाची असल्यास तिची नक्कल करून ती नव्याने नोंदविणे हाच त्यावर उपाय.

नावांचा असा थराथराने शोध ही कल्पना चेनमॅपच्या पुष्कळ आधीची आहे. १९६० च्या ‘अल्गोल’ या भाषेत आज्ञांचा एक गट दुसऱ्याच्या पोटात ठेवता येई व आतील नाव बाहेरच्या नावास झाकून टाकी. पायथनमध्ये कार्याच्या आत वापरलेले नाव प्रथम त्या कार्यात, मग त्यास वेढणाऱ्या कार्यात, नंतर संपूर्ण फाइलच्या पातळीवर व अखेरीस भाषेच्या अंगभूत नावांत शोधले जाते. नवशिक्याने फाइलच्या पातळीवर ‘लिस्ट’ हे अंगभूत नाव भलत्याच मूल्यास दिले, म्हणजे त्याची आज्ञावली अडखळते. पण आपले नाव खोडताच मूळ ‘लिस्ट’ जसेच्या तसे परत येते, कारण ते केवळ झाकले गेले होते.

२०२० साली आलेल्या ३.९ या आवृत्तीपासून दोन कोशांमध्ये एक उभी रेघ देऊन ते एकत्र करता येतात. तेथे नंतर लिहिलेल्या कोशाचे मूल्य टिकते, तर चेनमॅपमध्ये आधी लिहिलेल्याचे. एकीकडील क्रम दुसरीकडे तसाच उचलला की कर्त्याची योजना लेखनिकाच्या डोक्यावर बसते, आणि तीनऐवजी एकच प्रत छापली जाते.